चांदीच्या भावाने गेलेले चित्रपट



भंगार म्हणजे काय, हे जालन्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर सकाळी उभे राहिले, तर मोडक्या यंत्रांनी, गंजलेल्या पत्र्यांनी आणि तुटक्या नळ्यांनी भरलेले ट्रक काट्यावर चढताना दिसतात. ते लोखंड भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. त्या सळईत कोणत्या यंत्राचा कोणता भाग गेला, हे पुढे कोणी सांगू शकत नाही आणि त्याची कोणाला गरजही नसते. लोखंडाच्या बाबतीत हे योग्यच आहे. जुने वितळले म्हणून नवे घर उभे राहिले, यात दुःख करण्यासारखे काही नाही.

परंतु काही वस्तू अशा आहेत की त्या वितळल्या म्हणजे संपल्या. आपल्याकडचे जुने चित्रपट हे अशा वस्तूंपैकी आहेत. ते कसे वितळले, थोडे कसे वाचले आणि पुढे ते तुमच्याआमच्या घरात कसे येऊन बसले, याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. या इतिहासात माझा स्वतःचाही एक लहानसा अपराध आहे. तो मी योग्य ठिकाणी कबूल करीन.

आरंभ दादासाहेब फाळक्यांपासून करू. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तो चार रिळांचा होता. आज आपल्या हाती त्याचे पहिले आणि शेवटचे अशी दोन रिळे आहेत. आणि तीसुद्धा १९१३ ची नसून १९१७ साली फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली त्या वेळची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या चित्रपटापासून आपण आपल्या चित्रपटसृष्टीचे वय मोजतो, त्याचे एकही रीळ आपल्यापाशी आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' घ्या. कर्जात बुडून गाव सोडणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. जाणत्यांनी त्याची एवढी वाखाणणी करून ठेवली आहे, परंतु तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. आपल्या देशात मूकपटांच्या काळात १३०० च्या वर चित्रपट निघाले, असे मानतात. त्यांतले आज हाती असलेले तिसाच्या आसपास, आणि त्यांतही पुष्कळसे तुकड्यांत.

हे दुर्दैव केवळ आपलेच नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे त्या श्रीमंत देशातलेही सुमारे ७० टक्के मूकपट कायमचे गेले. तेव्हा हा प्रश्न गरिबीचा म्हणता येत नाही. मग चित्रपट गेले कशाने?

पहिले कारण आग. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची बनत असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूचा सख्खा चुलतभाऊ. एकदा पेटला की पाण्याखालीही जळत राहतो. त्याला वेगळी, थंड, मोकळ्या हवेची कोठारे लागतात आणि डोळ्यांत तेल घालून राखण करावी लागते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. प्रभातच्या चित्रपटांची मूळ नायट्रेट रिळेही त्यात होती. सुदैवाने पुष्कळ चित्रपटांच्या प्रती न पेटणाऱ्या फिल्मवर अगोदर काढून ठेवलेल्या होत्या.

दुसरे कारण आपल्या गावाला अधिक कळण्याजोगे आहे. ते म्हणजे चांदी. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. प्रकाश पडला आणि फिल्म धुतली की त्या क्षारांची चांदी बनते आणि तिच्या बारीक काळ्या कणांचेच चित्र उमटते. रंगीत फिल्ममधली चांदी धुलाईतच काढून घेतात. कृष्णधवल फिल्ममध्ये मात्र ती चित्र होऊन राहते. म्हणजे पडद्यावर आपण जी काळी सावली पाहतो, ती वस्तुतः चांदी असते. चित्रपट चित्रगृहांतून फिरून फिरून थकला, त्याच्यावर आणखी पैसे मिळेनात, की त्याची रिळे खोली अडवून बसत. वितरणाची मुदत संपली की प्रती नष्ट कराव्यात, हा तर जगभरच्या धंद्याचा रिवाजच होता. अशा वेळी चांदी काढणारा दारात आला, म्हणजे मालकाला तो देवासारखा वाटे. फिल्म धुऊन चांदी वेगळी होई आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीच्या बांगड्या बनत, बायकांच्या पिशव्या बनत. आपल्या आजीपणजीच्या हातांत किणकिणणाऱ्या बांगड्यांमध्ये एखादी सीता, एखादी तारामती गेली नसेलच, असे कोणी सांगावे?

यातली मौज पाहा, आणि तिच्यातले दुःखही पाहा. चित्रपटाला काही मोल नव्हते म्हणून तो गेला, असे घडले नाही. त्याच्या अंगच्या चांदीला मोल होते, म्हणून तो गेला.

मग जे वाचले ते कोणामुळे वाचले? १९६४ साली भारत सरकारने पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. पुढच्याच वर्षी तेथे तिरुवनंतपुरमचे पी. के. नायर नावाचे गृहस्थ रुजू झाले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत ह्या माणसाने दुसरा ध्यास धरला नाही. लहानपणी चित्रपटाच्या तिकिटांचे अर्धुक जपून ठेवणारा हा मुलगा. मोठेपणी त्याने देशातल्या चित्रपटांची रिळे जपली. फाळक्यांच्या रिळांची जुळवाजुळव करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांच्या चिमुकल्या कन्येने, मंदाकिनीने, रंगवलेला बाळकृष्ण आज आपण पाहू शकतो, तो अशा जुळवाजुळवीमुळे. नायर निवृत्त झाले तेव्हा संग्रहालयात बारा हजारांच्या आसपास चित्रपट होते. २०१६ साली ते वारले. त्याच वर्षी 'बिल्वमंगल' या १९१९ च्या मूकपटाचा उरलासुरला भाग पॅरिसच्या संग्रहालयाकडून आपल्याकडे आला. सुमारे ३६०० मीटरांपैकी ५९४ मीटर! आपले चित्र आपल्याला परदेशातून मागून आणावे लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संग्रहालये मोठी होतात ती पुष्कळदा एकट्यादुकट्या छांदिष्टाच्या जिवावर. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा १९२७ चा जगप्रसिद्ध जर्मन मूकपट. तो प्रदर्शनानंतर कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा गेला, असे सर्वजण ऐंशी वर्षे समजत होते. २००८ साली अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात त्याची जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली. ती मूळ एका वितरकाने नेलेली, पुढे एका समीक्षकाने आपल्या खासगी संग्रहात ठेवलेली, आणि तिच्यावरून लहान आकाराच्या फिल्मवर उतरवलेली होती. ओरखड्यांनी भरलेली, धूसर, पण होती! त्या समीक्षकाने ती जगाच्या उपकारासाठी ठेवली नव्हती. त्याला ती पुन्हा पाहावीशी वाटत होती, एवढेच.

श्रोतेहो, 'पुन्हा पाहावेसे वाटणे' ही गोष्ट आज आपल्याला इतकी सोपी झाली आहे की तिचाही इतिहास असेल हे सुचत नाही. प्रभातच्या काळात चित्रपट हा जत्रेसारखा होता. आला, पाहिला, गेला. 'संत तुकाराम' १९३६ साली लागला तो मुंबईच्या एकाच चित्रगृहात वर्षभराहून अधिक चालला. पण तो उतरल्यावर प्रेक्षकाच्या घरी काय उरले? गाण्यांची एक चोपडी, परवडले तर एखादी तबकडी, आणि आठवण. पुन्हा पाहणे हे आपल्या हाती नव्हते. चित्रगृहाच्या मालकाने सकाळच्या खेळाला जुना चित्रपट लावला तरच ते घडे. पुढे शहरांत चित्रपट मंडळे निघाली. १९४७ साली कलकत्त्यात, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ. पण आपल्यासारख्या गावाच्या वाट्याला गणेशोत्सवात चौकात बांधलेला पांढरा पडदा एवढेच होते. पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलटा चित्रपट पाहणारी मुले तुमच्यापैकी पुष्कळजण असाल.

ही सत्ता चित्रगृहाच्या हातून घराच्या हाती आली ती व्हिडिओ कॅसेटने. १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस, अशी दोन यंत्रे जपानात निघाली. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आणि पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले व त्यापाठोपाठ व्हिडिओचे वारे सुटले. ते दिवस आठवा. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीनचार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणायच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, आणि भाडे वसूल करायचे म्हणून तांबडे फुटेपर्यंत पाहात बसायचे! कारखान्यातली रात्रपाळी परवडली, ही नको, असे माझे वडील म्हणत. ह्या कॅसेटींपैकी किती चोरून उतरवलेल्या होत्या, ते न विचारलेले बरे. निर्मात्यांचे त्यात फार नुकसान झाले, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच १९८४ साली स्वामित्वहक्काचा कायदा कडक करण्यात आला.

परंतु चोरीच्या आणि भाड्याच्या कॅसेटींखेरीज तिसराही एक प्रकार होता, आणि माझ्या विषयाशी खरा संबंध त्याचा आहे. तो म्हणजे घरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली कॅसेट. माझे एक मामा मुंबईस गिरणगावात राहात. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी चित्रपट लागे, तो ते उतरवून घेत आणि कॅसेटीच्या पाठीवर चित्रपटाचे नाव, साल, पाहिल्याची तारीख आणि एखाददुसरा शेरा बारीक अक्षरात लिहून ठेवीत. त्यांतली एक कॅसेट त्यांनी माझ्या वडिलांना दिली. चित्रपट होता शांतारामांचा १९३९ चा 'माणूस'. वडील औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये होते. तापलेल्या सळईशी दिवसभर झुंजून आलेला हा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी ती कॅसेट लावी. शाहू मोडकांचा साधाभोळा पोलीस शिपाई आणि शांता हुबळीकरांची मैना, यांची ती कथा त्यांना पाठ होती. तरी ते पाहात.

मी विचारी, "शेवट ठाऊक असताना पुन्हा पुन्हा काय पाहता?"

ते म्हणत, "शेवट ठाऊक असला म्हणजे माणसांकडे नीट बघता येतं."

पुढे इतिहासाचा शिक्षक झाल्यावर मला या वाक्याची किंमत कळली. 'संत तुकाराम' पहिल्यांदा पाहताना आपण चमत्कार पाहतो. दुसऱ्यातिसऱ्यांदा पाहताना डोळा जिजाईकडे वळतो. मुलगा तापाने फणफणला असता देवाला जाब विचारायला हातात वहाण घेऊन देवळात शिरणारी ती बाई, आणि तिचा तो कष्टाचा संसार. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची जगातल्या उत्तम चित्रपटांत गणना झाली, ती केवळ विमानाच्या देखाव्यावर झाली असेल, असे मला वाटत नाही. ग्रंथाचे पारायण करावे तसे चित्रपटाचेही पारायण करता येते, हे सामान्य माणसाला प्रथम शिकवले ते घरातल्या त्या काळ्या डबीने.

आता माझा अपराध सांगतो. १९९६ साली क्रिकेटचा विश्वचषक आपल्या देशात होता. सामना उतरवून घ्यायचा होता आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी हाताला आली ती यंत्रात घातली. अर्ध्या तासाने पाठीवरचे मामांचे अक्षर ध्यानात आले आणि यंत्र बंद केले. पण अर्धा तास गेला तो गेला. गणपत आणि मैना यांची पहिली भेटच पुसली गेली. मामा त्याआधी दोन वर्षांपूर्वी वारले होते. वडील रागावले नाहीत. त्यानंतर ते कॅसेट मधूनच लावीत आणि शेजारी कोणी नवा माणूस बसला असेल तर गेलेला अर्धा तास त्याला तोंडाने सांगत. कीर्तनकार पूर्वरंग सांगतो तसा!

पुढे चांदी काढणाऱ्यांविषयी वाचताना मला त्यांच्यावर राग धरता येईना. त्यांनी चित्राखालची चांदी पाहिली. मी चित्राखालची कोरी फीत पाहिली. दोघांनाही चित्र दिसले नाही.

काही वर्षांनी प्रभातचे चित्रपट व्हीसीडीवर निघाले आणि 'माणूस' पुन्हा पुरा पाहायला मिळाला. व्हीसीडीच्या एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावे, म्हणून चित्रपट दोन-तीन तबकड्यांत येई आणि तबकडी बदलण्याच्या निमित्ताने घरातही मध्यंतर होई. त्यामागून डीव्हीडी आली. मग मोबाईलच्या मेमरी कार्डात चित्रपट भरून देणारी दुकाने आली. आपल्या वसाहतीत बिहार-उत्तर प्रदेशाकडून आलेले कामगार आपापल्या बोलीतले चित्रपट अशा नखाएवढ्या कार्डात घालून ठेवीत आणि पाळी सुटल्यावर खोलीत पाहात. संग्रह म्हणतात तो हाच. त्याला काचेचे कपाट लागते असे नाही.

आता चित्रपट तारेतून आणि हवेतून घरी येतो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु तो आपल्या घरी नसतो, पाहुणा म्हणून येतो. कंपनीचा करार संपला की एक दिवस तो यादीतून नाहीसा होतो आणि आपल्याला विचारणारा कोणी नसतो. एका परीने आपण पुन्हा सकाळच्या खेळाच्या काळात आलो आहो: दुसऱ्याने लावला तर पाहायचा.

आणि घरातल्या त्या जुन्या कॅसेटींचे काय? फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या लेपाने चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. पावसाळ्यात तो लेप ओल धरतो, चिकट होतो, बुरशी येते. शिवाय व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली ते काम बंद केले. म्हणजे फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र राहणार नाही. मागल्या वर्षी घर आवरताना मी पन्नाससाठ कॅसेटी पोत्यात भरून भंगाराच्या दुकानात नेल्या. दुकानदाराने पोते उघडून पाहिले, एक कॅसेट हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, "गुरुजी, ह्याला भाव नाही. लोखंड असलं तर आणा." काट्यावर ठेवायलाही तो तयार झाला नाही.

मी ते पोते घेऊन परत आलो आणि वाटेत मला या सगळ्या इतिहासाचा अर्थ लागल्यासारखा झाला. ज्या चित्रांच्या अंगात चांदी होती, ती भाव आला म्हणून भट्टीत गेली. ज्यांच्या अंगात काहीच नाही, ती भाव नाही म्हणून उकिरड्यावर जाणार. काट्याने तोलले तर चित्र दोन्हीकडून मरते. त्याला जगवतो तो एकच हात: ज्याला ते पुन्हा पाहावेसे वाटते तो.

म्हणून, श्रोतेहो, माझी आपल्याला विनंती लहानशी आहे. मोठी कामे सरकार आणि संस्था करीत आहेत. चित्रपटवारशासाठी कोट्यवधी रुपयांची राष्ट्रीय योजना हाती घेण्यात आली आहे आणि पुण्याचे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली ते काम चालवीत आहे. आपण आपल्या माळ्यावर चढावे. जी कॅसेट सापडेल तिच्यावर काय आहे ते आधी पाठीवर लिहावे. ती ओलीपासून दूर, पुस्तकासारखी उभी ठेवावी. बुरशी आली असेल तर यंत्रात घालू नये. एका कॅसेटीची बुरशी यंत्राला आणि यंत्रातून दुसऱ्या कॅसेटीला लागते. यंत्र चालू असलेला माणूस गावात आहे तोवर तिची संगणकावर प्रत करून घ्यावी. कायद्याने चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. प्रभातचे चित्रपट केव्हाच त्या मुदतीपलीकडे गेले आहेत. तेव्हा त्यांची प्रत काढताना मनात किंतु नको.

आणि चित्रपटच असला पाहिजे असेही नाही. कोणाकडे गावातल्या नाटकाचे चित्रण असेल, कोणाकडे चौकातल्या गणपतीचे, कोणाकडे नव्या कारखान्याच्या पूजेचे. 'संत तुकाराम' जपणारे पुष्कळ आहेत. जालन्याच्या त्या नाटकाची प्रत मात्र सगळ्या जगात तुमच्याच माळ्यावर असेल, आणि ती फेकली की 'सावकारी पाश' गेला तशी ती गेली.

माझे पोते मी परत माळ्यावर ठेवले नाही. दर रविवारी दोन कॅसेटी उतरवतो. गेल्या महिन्यात 'माणूस'ची पाळी आली. पूर्ण चित्रपट तबकडीवर आहे, तेव्हा ही अर्धी कॅसेट उतरवण्यात काय शहाणपण, असे मुलाने विचारले. मी ती तशीच उतरवली. आधी अर्धा तास क्रिकेट, मग एकदम अर्ध्यातून 'माणूस', मध्ये त्या शनिवारच्या जाहिराती. मामांनी पाठीवर लिहिलेली ओळही यादीत जशीच्या तशी लिहून ठेवली: 'पुन्हा पाहण्याजोगा.'